पितळेची सवत

एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला, की माझा नवरा व्हर्लिन गॅरेजमध्येच राहायला जातो. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घासायच्या, चकाकवायच्या आणि पुन्हा भरायच्या. एकेक पुंगळी उजेडात धरून तो जशी न्याहाळतो, तसं माझ्याकडे कधी बघितलं नसेल मेल्यानं. मला पितळेची सवत आहे, असं मी सगळ्यांना सांगते.

आज त्याला कॉफी द्यायला गेले. अक्रोडाच्या भुशात पुंगळ्या फिरवायचं पिंप त्यानं नुकतंच थांबवलं होतं. झाकण उघडलं, तर लव्हेंडरचा घमघमाट. भुशात पांढऱ्या कापडाचा एक तुकडा.

"हे काय रे?"

"ड्रायरमध्ये कपड्यांबरोबर टाकतात ना, ते सुगंधी कापड. काजळी धरून ठेवतं."

"आणलंस कुठून?"

"दुकानातून. कालच."

"एवढंच ना? मग पुढच्या वेळी मीच एक नवं पाकीट घेऊन येते."

"अगं वेडे, कोरं घातलं तर पितळेवर मेण चढतं!" व्हर्लिन हसला. पुंगळ्यांच्या बाबतीत कुणी चुकलं, की त्याला राहवत नाही. "एकदा ड्रायरमध्ये कपड्यांबरोबर फिरलेलंच लागतं."

बोलून गेला आणि कप ओठांपाशी तसाच राहिला.

आमच्याकडे ड्रायर नाही. कपडे मी मागच्या अंगणात दोरीवर वाळत घालते.