रेडिएटरवरचे मोजे

महासंगणकाच्या धगीनं तापलेलं पाणी फिनलंडमधल्या कायानी गावात घरोघर फिरतं. म्हाताऱ्या ताइस्तोनं त्या पाण्यानं खोली उबवणाऱ्या रेडिएटरवर लेकीचे लोकरी मोजे शेकत ठेवले होते. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला ही लेक, विल्या, हेलसिंकीहून येणार होती. निघायच्या वेळी तिचा फोन आला. "बाबा, आमचं गणित तिथल्या महासंगणकावर मध्येच बंद पडलं. आज चूक शोधली नाही, तर त्याच्यावरची आमची वेळ जाईल. पुढची थेट वसंतात." "आईच्या आजाराचंच ना?" "हो. औषध त्या रोगाच्या प्रथिनाला कुठं चिकटेल, तेच शोधतोय." "मग बस शोधत. ती काय कबरीतून पळून जातेय?" विल्या हसली. "पण तू एकटाच..." "एकटा कुठला? तुझ्याच यंत्राची ऊब आहे की घरात." फोन ठेवून तो बराच वेळ रेडिएटरला हात लावून उभा राहिला. मग त्यानं मोजे उलटले, दुसरी बाजूही शेकावी म्हणून.