कॅनॉटच्या भिंतीवरचा बदाम

कॅनॉट भागातल्या प्रणयच्या कॅफेबाहेर करुणानं भिंतभर लाल बदाम रंगवला होता, आत पांढऱ्या अक्षरांत दोघांची नावं. प्रणयचं लग्न दुसरीकडं ठरलं, तेव्हा या बहाद्दरानं तिलाच फोन केला.

"बदाम लई भारी आहे, तसाच राहू दे. फक्त तुझं नाव खरवडून वैदेहीचं टाक. गुरुवारी आमचं फोटोशूट आहे."

करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं एवढंच विचारलं, "गुरुवारीच ना?"

गुरुवारी त्या भागात पाण्याची पाळी असते आणि कॅफेची टाकी भरली की त्याच भिंतीवरून वाहते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

बुधवारी तिनं आपलं नाव खरवडून वैदेहीचं टाकलं. गुरुवारी पाणी आलं. नटूनथटून उभ्या वैदेहीच्या देखत तिचं नाव ओघळत गटारीत गेलं. बदाम आणि 'प्रणय' जागच्या जागी.

"ऑइल पेंट नाय वापरला व्हय तू?" प्रणय फोनवर कडाडला. फोन स्पीकरवर होता, वैदेही ऐकत होती.



"तुझ्या नावाला वापरला की. शेजारचं नाव तू कधी टिकू देतोस, म्हणून तिथं चांगला रंग वाया घालवू?"