बारावी बरणी

निळा कागद बरणीत बुडवला आणि तो लालभडक झाला. केमिस्टबाईंनी दुसरा बुडवला. तोही लाल. यंत्रानंही आम्लच दाखवलं, तशा त्या स्टुलावरून उठल्या आणि एकट्याच टाळ्या पिटू लागल्या.

दारूच्या कारखान्यातलं काळं, नाक धरायला लावणारं सांडपाणी. त्यातून औषधाला लागणारं आम्ल काढायचं म्हणून बाई आठ महिने झटत होत्या. ते पाणी उकळून त्यात बाहेरून मागवलेले जिवाणू सोडायचे; आम्ल बनवायचं काम त्यांचं, आणि अकरा बरण्यांत त्यांनी माना टाकल्या होत्या. आज बारा वाजता साहेब प्रयोगाला कुलूप लावणार होते. बारावी बरणी मात्र खुशाल बुडबुडत होती. का, ते सांगता आलं नाही तर साहेब म्हणणार, लागला मटका!

बरण्या धुणाऱ्या मावशी दारात दिसताच बाईंनी त्यांना गाठलं.

"मावशी, ही बरणी सोमवारी कशी धुतलीत?"

"लख्ख! नेहमीसारखी, उकळत्या पाण्यानं."

"शपथ घ्या."

मावशींचा चेहरा पडला. सोळा वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"पाया पडते मावशी, खरं सांगा. पावणेबारा झाले!"

मावशींनी ॲप्रनला डोळे पुसले. "लेकीचा फोन आला, मॅडम. नात झाली. आनंदात बरणी सांडपाण्याच्या बादलीत पडली. नुसती विसळली आणि पळाले. तळाला गाळ राहिला असेल. पण कामावरून काढू नका."

गाळ! त्याच पाण्यात जन्मलेले, त्यावरच पोसलेले जिवाणू! बाहेरून आणलेल्यांना जे विष, ते यांचं घरचं जेवण. आता साहेबांना द्यायला उत्तर होतं. बाईंना हसूही आवरेना आणि रडूही. त्यांनी मावशींना मिठी मारून गरकन फिरवलं.

"काढते कसली! नातीचे पेढे मीच वाटते. आणि आजपासून या बरण्या उकळायच्या नाहीत, घासायच्या नाहीत. नुसत्या विसळायच्या."

मावशी मिठीतून सुटल्या. "गाळासकट?"

"गाळासकट."

मावशींनी बरणीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि ॲप्रनची गाठ सोडली.

"मग त्याला दुसरी बाई बघा, मॅडम. असलं काम माझ्या हातून व्हायचं नाही."