गुडघ्याच्या वर

संघमित्रा फुटबॉलच्या सरावाला निघाली होती. चाळ कमिटीचे सेक्रेटरी बाबुराव तिला जिन्यात अडवून घरी परत घेऊन आले.

"गौतम, पोरगी वीस वर्षांची झाली. गुडघ्याच्या वर चड्डी घालून सगळ्या भोईवाड्यातून जाते. बरं दिसतं का हे?"

मित्राचे वडील, गौतम, ओशाळले. "मित्रा, फुल पँट घालून ये."

मित्रा जागची हलली नाही.

"थांब गं," कॉटवरून तिची पंच्याऐंशी वर्षांची आजी, सोनुबाई म्हणाली. मग ती बाबुरावांकडे वळली. "आमच्या जातीच्या बायकांनी लुगडं गुडघ्याच्या वरच नेसायचं, असा गावाचा नियम होता. माझी आय एकदा घोट्यापर्यंत नेसून पाण्याला गेली. भर रस्त्यात मारलं तिला. मी तिच्या कडेवर होते."

"अहो, पण ते…"

"दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घोट्यापर्यंतच नेसून गेली, बाबुराव. त्याच रस्त्यानं."

दार अडवून उभे असलेले गौतम बाजूला झाले.

"जा मित्रा," ते म्हणाले. "आहेस तशीच जा."