फक्त मुलं

इस्रायल जेमतेम तीन वर्षांचा झाला होता आणि येणाऱ्यांना घरं पुरत नव्हती. त्यात सलग पावसानं छावणीतले निम्मे तंबू आडवे केले. लहान मुलांना शहरात हलवायला लष्कराचा ट्रक आला. हेला नर्स यादी घेऊन चिखलात उभी होती, पण येमेनहून आलेली बद्रा काही केल्या आपलं पोर सोडेना.

"अगं, तापानं फणफणलंय ते. दे इकडे."

"मग मीपण येते."

"फक्त मुलं न्यायचीत, मोठ्यांना जागा नाही. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुम्हाला दिलं होतं का कुणी असं, दोन दिवसांसाठी?"

पोलंडमध्ये आईनं हेलाला शेजारणीच्या हाती सोपवलं होतं, तेही दोनच दिवसांसाठी. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

"बाई, आटपा! पुलावर पाणी चढतंय!" ट्रकमधला सैनिक ओरडला.

हेलानं यादीत घाईघाईनं दोन नावं लिहिली आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "सालेम, वय एक. बद्रा, वय सहा."

त्यानं समोरच्या बाईकडे पाहिलं, मग हेलाकडे. हेलानं नजर हलवली नाही. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"वयाच्या मानानं पोरगी जरा थोराडच आहे," सैनिक म्हणाला आणि त्यानं बद्राला वर यायला हात दिला.