चौथी ओळ

"वीस वर्षं रॅप करून एमसी भोवऱ्यानं गाड्या घेतल्या, बंगला घेतला. पण उद्या त्याला आठवणार कोण?" मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर टेकलेल्या कॉलेजच्या पोरानं विचारलं.

"आपली पोरं मराठीत रॅप करतात ती त्याच्यामुळेच," मित्र म्हणाला.

"मग दर गाण्यात चौथी ओळ रिकामी का सोडतो? परवाच्या नव्या गाण्यातही तेच, नुसता ठेका. शब्द संपलेत त्याचे."

फोनचा स्पीकर बसवणाऱ्या वैजूचा हात थांबला. "अजून सोडतो?"

एके काळी भांडुपच्या टेकडीवर ती आणि भोवरा दोघं जोडीनं रॅप करायची. तीन ओळी त्याच्या, चौथी तिची. मग तिचं लग्न झालं, तो एकटाच पुढे गेला. तेव्हापासून तिनं त्याचं एकही गाणं ऐकलं नव्हतं.

स्पीकर तपासायला तिनं नवं गाणं लावलं. तीन ओळी झाल्या, ठेका उरला. तिचे ओठ आपसूक हलले आणि ओळ नेमकी ठेक्यावर बसली.

"वाजतोय की ताई," म्हणत पोरानं हात पुढे केला.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि तिनं गाणं पुन्हा मागे नेलं.