तपासनिसाचा डोळा

"अहो, थांबा. पाय बघा."

त्याने खाली पाहिलं. उजव्या पायात काळा बूट होता, डाव्यात तपकिरी.

"अरेच्चा," तो म्हणाला.

"अरेच्चा काय! डॉक्टरांकडे निघालोय, सर्कशीत नाही."

तिने दुसरा काळा बूट शोधून त्याच्यापुढे ठेवला, पर्समधून वही काढली आणि उभ्याउभ्याच लिहिलं : बूट. सकाळपासूनची ही चौथी चूक. चहाच्या आधणात पूडच पडली नव्हती, स्वेटर उलटा चढवला होता आणि घराच्या किल्ल्या फळांच्या टोपलीत सापडल्या होत्या.

गेली चार वर्षं हे असंच चाललं होतं. तो अठ्ठ्याहत्तरचा, ती पंचाहत्तरची. आणि चुका तरी कशा, रोज नव्या. नशीब एवढंच, की गॅस त्याने एकदाही चालू ठेवला नव्हता आणि दार कधी उघडं टाकलं नव्हतं. आठवणीसाठी तो एक छोटी डायरी खिशात बाळगायचा. तिने ती कधी उघडून पाहिली नाही. नवऱ्याचा तेवढा तरी मान राखावा, असं तिला वाटे.

दर सहा महिन्यांनी तपासणी असायची, पण आजच्या तपासणीची तिला धास्ती होती. मुलीने निक्षून सांगितलं होतं, "आई, या वेळी डॉक्टर म्हणाले की आजार पुढे सरकलाय, तर दोघांनी माझ्याकडे यायचं. मी काही ऐकणार नाही." मुलगी गुणाची होती, पण तिच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखं बसून म्हातारपण काढायचं, हे हिला पटत नव्हतं. बेचाळीस वर्षांचं घर तिला सोडायचं नव्हतं. म्हणून ती नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची.

दवाखान्यात चालतच जायचं, असा त्याचा हट्ट असे. पोस्टाच्या कोपऱ्यावर तो डावीकडे वळला.

"उजवीकडे," तिने त्याची बाही ओढली. "पाचवी."

दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या बाई तिच्या वहीकडे बघत होत्या.

"सगळं लिहून ठेवता तुम्ही?"

"जुनी खोड आहे. काचेच्या कारखान्यात तपासनीस होते मी. दिवसभर उजेडासमोरून बाटल्या सरकायच्या, तडा गेलेली दिसली की उचलायची. आणि हे आमचे मुकादम! आमचा डोळा लागलाय का ते बघायला मुद्दाम खराब बाटल्या मध्ये सोडायचे. दिवसाला दहा."

"मग?"

"मग काय, दहाच्या दहा उचलायची मी. शेवटी हरले आणि लग्नाचं विचारलं."

बाई खळखळून हसल्या. तोही हसला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

"काल काय काय झालं, सांगा. वही मिटून."

"दर वेळी मलाच का? यांना विचारा की काहीतरी."

"त्यांच्यापेक्षा मला तुमच्याकडून जास्त कळतं."

हे तिला मान्यच होतं. ती बोटांवर मोजत सांगू लागली. परवाचा पेपर आजचा म्हणून वाचला. टूथब्रश चमच्यांच्या भांड्यात ठेवला. मुलीला लावायचा फोन माझ्या बहिणीला लावला. बघता बघता नऊ झाल्या आणि तिथे गाडी अडली.

नवरा गुडघ्यावर मूठ आवळून बसला होता. आपल्या चुकांचा पाढा ऐकून लाजला असेल बिचारा, असं तिला वाटलं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "कुणी सांगू नका. दुपारी... नाही, दुपार नाही. चहा झाल्यावर. हां! भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना काटे तासभर मागे नेले यांनी. मी म्हटलं, अहो, तरुण व्हायचा विचार आहे की काय?"

नवऱ्याची मूठ सुटली.

डॉक्टरांनी आणखी थोडं विचारलं, लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. "आजार जिथल्या तिथे आहे. तसूभरही सरकलेला नाही. आता सहा महिन्यांनी भेटू. आणि याल ते आपल्याच घरातून."

दवाखान्याच्या पायऱ्या ती त्याच्या पुढे उतरली. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"बघितलंत? मी आहे म्हणून तुमचं चाललंय."

"अगदी खरं," तो म्हणाला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"आई, आज किती?"

"नऊच. जरा सुधारले म्हणायचे." बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. "थांब गं. हे कॅलेंडर पुढच्या महिन्यावर कुणी उलटलं? अहो! दहा! दहा झाल्या!"

पलीकडे मुलगी एकदम रडायलाच लागली.

"अगं, रडतेस काय? डॉक्टर म्हणालेत ना, तुझे बाबा ठीक आहेत म्हणून." तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ती कुंड्यांना पाणी घालायला गेली.

फोन झाल्यावर त्याने डॉक्टरांचा नवा कागद कपाटावरच्या फायलीत लावला. चार वर्षांच्या सगळ्या कागदांवर रुग्ण म्हणून एकच नाव होतं, तिचं. मग त्याने खिशातली डायरी काढली. आजच्या पानावर पहाटेच लिहिलेल्या दहा ओळी होत्या. शेवटच्या ओळीत 'कॅलेंडर' होतं, तिच्यापुढे त्याने बरोबरची खूण केली. पान उलटून उद्याची तारीख घातली आणि खाली लिहिलं : १. चष्मा फ्रीजमध्ये.